गेटिसबर्गला न गेलेली बंदूक: वारशाने आलेली जुनी कार्बाइन विकताना

सासरे गेल्यावर तीन महिन्यांनी मेहुण्याने एक लांबट खोकं आमच्या ओहायोतल्या घरी आणून ठेवलं. आत लोकरी कांबळ्यात गुंडाळलेली बंदूक. बुटकी, जड, काळसर तपकिरी पडलेली. बायकोने ती लहानपणापासून शेकोटीच्या वर दोन खुंट्यांवर पाहिलेली. तिच्या खापरपणजोबांनी ती १८६३ च्या जुलैत, अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईत चालवली, असं घरात सांगितलं जायचं. मेहुण्याकडे दोन लहान पोरं, त्याला ती घरात नको. आम्हालाही नको. म्हणजे विकायची. आणि हे काम आलं माझ्याकडे. कणकवलीजवळच्या खेड्यात वाढलेल्या मी जन्मात जवळून एकच बंदूक पाहिली होती, आजोबांची रानडुकरांसाठीची ठासणीची.

विकून होईपर्यंत आठ महिने गेले. त्यात जे शिकलो ते लिहितोय. इथल्या मराठी मुलामुलींची लग्नं आता इथल्याच घरांत होतायत, तेव्हा असं खोकं उद्या तुमच्याही दारात येईल.

आधी एकच काम: बार भरलेला आहे का ते बघणं. जुन्या बंदुका भरलेल्याच भिंतीवर टांगल्या जायच्या आणि माणसं त्यांना विसरून जायची. बंदुकीची काळी दारू कोरडी राहिली तर दीडशे वर्षांनीही पेटते. ठासणीच्या बंदुकीत तपासणी सोपी आहे. घोडा (चाप ओढल्यावर पडणारी हातोडी) केपावर (ठिणगी देणाऱ्या छोट्या टोपीवर) नाही ना, हे बघून तोंडाकडून गज आत सरकवायचा, तोंडाशी त्यावर खूण करायची, मग तोच गज नळीला बाहेरून लावून बघायचा. खूण तोंडाशी धरली आणि गजाचं टोक नळीच्या मागच्या टोकाच्या चार बोटं अलीकडे थांबलं, तर आत काहीतरी बसलंय. आमची बंदूक ठासणीची नव्हती, ती मागून उघडायची. तरी मी हात लावला नाही. गावातल्या एका जुन्या बंदूक-कारागिराकडे नेली. त्याने खालची कडी पुढे ढकलली, एक जाड लोखंडी ठोकळा खाली सरकला आणि त्याने बॅटरीचा झोत आत टाकला. रिकामी होती. आत कोळ्याचं जाळं होतं.

कार्बाइन म्हणजे नेमकं काय

घोडेस्वारासाठी आखूड केलेली बंदूक म्हणजे कार्बाइन. हिंदी-उर्दूत याच शब्दाचं ‘कराबीन’ झालं. अमेरिकेच्या यादवी युद्धात, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळात, पायदळाच्या स्प्रिंगफील्ड बंदुकीची नळी ४० इंचांची होती. ती उभी धरून, तोंडातून दारू ओतून, गोळी ठासून भरायची. पळत्या घोड्यावर हे करून बघा. म्हणून घोडदळाला २०-२२ इंच नळीच्या, मागून भरायच्या बंदुका दिल्या गेल्या. कारखानदारांनी त्याचे डझनभर नमुने काढले. त्यात तीन नावं पुन्हापुन्हा भेटतात: शार्प्स, स्पेन्सर आणि बर्नसाइड.

आमची निघाली शार्प्स. ख्रिश्चन शार्प्सचं पेटंट १८४८ चं, कारखाना कनेटिकटमधल्या हार्टफर्डचा. चापाभोवतीची कडी हीच तिची तरफ. ती पुढे ढकलली की नळीमागचा ठोकळा खाली जातो. उघड्या तोंडात कापडाचं किंवा कागदाचं काडतूस सरकवायचं, पुढे शिशाची गोळी, मागे दारू. कडी परत ओढली की वर येणाऱ्या ठोकळ्याची धार काडतुसाची शेपटी कापते आणि दारू उघडी पडते. घोड्याखाली केप ठेवायचं, चाप ओढला की ठिणगी आत. ठासणीच्या बंदुकीला मिनिटात दोन-तीन बार जमायचे, हिला आठ-दहा. युद्धात सरकारने अशा ऐंशी हजारांहून जास्त कार्बाइन घेतल्या. हा आकडा विक्रीला बसताना लक्षात असू द्या. ऐंशी हजारांपैकी एक म्हणजे दुर्मिळ हिरा नव्हे.

(‘शार्पशूटर’ हा शब्द शार्प्सवरून आला असं कुणी सांगेलच. नाही आला. तो शब्द शार्प्सच्या कारखान्याहून कितीतरी जुना आहे.)

काळी दारू

‘ब्लॅक पावडर’ म्हणजे आपली जुनी बंदुकीची दारू: साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. सोरा प्राणवायू पुरवतो, कोळसा जळतो, गंधक लवकर पेट घेतो. या दारूच्या दोन सवयी ठाऊक असल्या तर जुनी बंदूक हातात घेताना तिचं अर्धं चरित्र कळतं. एक म्हणजे ती जळून पूर्ण वायू होत नाही. वजनाने निम्म्याहून जास्त घाण मागे राहते, थोडी धूर होऊन उडते, बाकीची नळीत चिकटते. दुसरं, ती घाण हवेतलं पाणी ओढते. बार काढल्यावर त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धुतली नाही, तर आठवड्यात गंज. म्हणून जुन्या बंदुकीची नळी आतून कशी आहे यावरून तिचा शेवटचा मालक आळशी होता का, हे कळतं. आमच्या नळीतल्या चक्राकार खाचा दिसत होत्या, पण मागच्या चार इंचांत देवीच्या व्रणांसारखे खड्डे होते. कुणीतरी कधीतरी बार काढून ती तशीच खुंटीवर ठेवली होती.

१८८४ मध्ये फ्रान्समध्ये धूर न करणारी नवी दारू आली आणि सगळं बदललं. तिचा दाब काळ्या दारूच्या कितीतरी पट. जुन्या नळीत ती भरली तर नळी फुटते, कधी बोटं जातात, कधी डोळा. विकताना घेणाऱ्याला हे लिहून द्यावं: फक्त काळी दारू, तीही जाणकाराकडून तपासून घेतल्यावर.

आता या दारूचा आपल्याकडचा धागा. युद्धाच्या वेळी जगातला बहुतेक सोरा हिंदुस्थानातून, मुख्यतः बिहारमधून यायचा आणि त्याचा व्यापार ब्रिटिशांच्या हातात होता. १८६१ च्या शेवटी अमेरिकी सरकारने लॅमॉट ड्यू पॉन्ट याला गुपचूप इंग्लंडला पाठवून तिथला मिळेल तितका सोरा विकत घ्यायला लावला. तेवढ्यात ‘ट्रेंट’ नावाच्या ब्रिटिश जहाजावरून अमेरिकी सरकारने दक्षिणेचे (म्हणजे युद्धात विरुद्ध बाजूला असलेल्या बंडखोर राज्यांचे) दोन दूत उतरवून घेतल्याचं प्रकरण पेटलं, इंग्लंड चिडलं आणि सोऱ्याच्या निर्यातीवर बंदी आली. पुढे अमेरिकेने ते दोघे सोडले, मग सोरा सुटला. पाटण्याकडच्या मातीतून खरवडलेला सोरा ओहायोच्या शेतकऱ्याच्या पोराच्या नळीत जळाला असण्याची शक्यता चांगली आहे. त्या कारागिराला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, “मग तुझाही हिच्यावर थोडा हक्क आहे.”

कायद्याचा कप्पा

इथे बहुतेकांची गल्लत होते. ‘काळ्या दारूची’ म्हणून ती बंदूक कायद्यातून सुटते, असं नाही. सुटते ती वयामुळे. १९६८ च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टप्रमाणे १८९८ सालात किंवा त्याआधी तयार झालेली बंदूक ‘अँटिक’ धरली जाते आणि केंद्रीय कायद्याच्या दृष्टीने ती ‘फायरआर्म’च राहत नाही. मग परवानाधारक दुकानदारामार्फतच व्यवहार, खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासणी, हे केंद्राचे नियम तिला लागत नाहीत. युद्धानंतर हजारो शार्प्स कार्बाइन धातूच्या काडतुसासाठी बदलल्या गेल्या. त्याही १८९८ च्या आधीच्याच, त्यामुळे त्याही याच कप्प्यात. नव्या काळात बनवलेली नक्कल असेल तर नियम वेगळा: ती कोणतं काडतूस घेते यावर ठरतं.

पण हा झाला केंद्राचा कायदा. राज्यांचे आणि काही शहरांचे कायदे वेगळे आहेत, आणि तिथे ‘अँटिक’ची व्याख्याही वेगळी असू शकते. गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसाला कितीतरी राज्यांत जुनी बंदूकही बाळगता येत नाही. तुमचं राज्य आणि घेणाऱ्याचं राज्य, दोन्ही बघायची. मी वकील नाही. तासाभराचे पैसे देऊन एका वकिलाला विचारलं आणि ते पैसे वसूल झाले, कारण त्याने भलतंच विचारलं: “ही नक्की तुमची आहे?” सासऱ्यांच्या मृत्युपत्रात बंदुकीचा उल्लेख नव्हता. मालमत्तेचा कारभारी मेहुणा होता. त्याने आणि सासूबाईंनी सही करून एक ओळ लिहून दिली, की ही वस्तू लेकीला दिली. पुढे घेणाऱ्याने पहिल्यांदा मागितला तो हाच कागद.

नंबर काय बोलला

नळीवर ‘न्यू मॉडेल १८६३’ आणि हार्टफर्डचा छाप. इथपर्यंत घरची गोष्ट शाबूत. मग घोड्यामागच्या लोखंडी पट्टीवरचा नंबर. भिंगातून वाचला: सी, मग स्वल्पविराम, मग पाच आकडे.

तो ‘सी’ मला आधी नक्षी वाटला. एका जुन्या संग्राहकाने फोनवर उलगडून सांगितलं. शार्प्सच्या कारखान्याचा नंबर एक लाखाच्या पुढे गेला, तेव्हा सहा आकडे ठोकण्याऐवजी त्यांनी एक लाखासाठी ‘सी’ अक्षर वापरलं. म्हणजे आमची बंदूक एक लाख आणि काही हजारावी. आणि हे ‘सी’ नंबर गेटिसबर्गच्या नंतरचे. १८६३ च्या जुलैत ही बंदूक जन्मलीच नव्हती.

त्याने हे इतक्या हळुवारपणे सांगितलं, की असं सांगायची त्याची ही पहिली वेळ नव्हती हे उघड होतं. आपल्याकडे नाही का, वाड्याच्या भिंतीवरची प्रत्येक तलवार पानिपताहून परत आलेली असते. इथे प्रत्येक बंदूक गेटिसबर्गची.

संध्याकाळी बायकोने सासूबाईंना फोन लावला. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मग त्याच्याकडे ती आली कुठून?”

हा प्रश्न खरा होता, आणि त्याचं उत्तर माझ्या मते गेटिसबर्गहून चांगलं निघालं. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, युद्धातल्या सैनिकांच्या सेवेच्या नोंदी जपलेल्या आहेत. फी भरून प्रती मागवता येतात. खापरपणजोबांची फाइल आली. घोडदळात नाव घातलं १८६४ च्या फेब्रुवारीत, म्हणजे गेटिसबर्गला ते स्वतःही नव्हते. आणि शेवटच्या पानावर, सेवेतून मुक्त करतानाच्या हिशोबात, पगारातून हत्यारासाठी आठ डॉलर कापल्याची नोंद.

ते आठ डॉलर म्हणजे काय, हे आम्हाला त्याच संग्राहकाने सांगितलं. १८६५ च्या मे महिन्यात लष्कराने हुकूम काढला होता, की घरी परतणाऱ्या शिपायाला हवं असेल तर त्याने आपलं हत्यार विकत घ्यावं. पायदळाची बंदूक ६ डॉलर, स्पेन्सर कार्बाइन १० डॉलर, बाकीच्या कार्बाइन ८ डॉलर, तलवार ३ डॉलर. तेव्हा शिपायाचा महिन्याचा पगार १६ डॉलर. आमच्या माणसाने अर्ध्या महिन्याचा पगार मोजून ती घरी आणली होती.

या कागदाने सगळं सिद्ध झालं का? नाही. त्यात नंबर नाही. त्याने एक कार्बाइन घेतली हे सिद्ध, हीच घेतली हे नाही. हा फरक मला त्या दिवशी नीट समजला आणि पुढचा सगळा व्यवहार त्यावर उभा राहिला. संग्राहक लोखंडाचे पैसे देतो आणि पुराव्याचे पैसे देतो. ऐकीव गोष्टीचे देत नाही. उलट, खोटी ठरू शकणारी गोष्ट तुम्ही ठासून सांगितलीत, तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही त्याचा विश्वास उडतो.

पितांबरी लावू नका

आपला हात आधी कुठे जातो? पितळ दिसलं की चिंच, नाहीतर पितांबरी. तांब्याचा हंडा चकचकीत झाला पाहिजे. जुन्या बंदुकीच्या बाबतीत हा हात बांधून ठेवा. दीडशे वर्षांत धातूवर चढलेला तपकिरी राप हाच तिचा जन्मदाखला. तो घासून काढला, नवं निळं पॉलिश चढवलं, दस्ता सँडपेपरने गुळगुळीत करून वॉर्निश मारलं, की बंदूक दिसायला छान होते आणि किंमत अर्ध्यावर येते. बारीक तेलाचा एक पुसटसा हात लाल गंजावर, बस्स.

संग्राहक हे कसं ओळखतो ते मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याने चष्मा काढला, डोळे मिटले आणि दस्त्याचं लाकूड व लोखंड जिथे मिळतं त्या रेषेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. लाकूड घासलेलं असेल तर ते लोखंडापेक्षा खाली जातं, कडेला नख अडतं. मग डाव्या बाजूला, खोगिराला अडकवायच्या कडीजवळ, तिरका प्रकाश टाकून लाकडात दाबलेला लंबगोल शिक्का शोधला. सरकारी तपासनीसाची आद्याक्षरं असतात त्यात. आमचा शिक्का पुसट होता, पण कडा दिसत होत्या. सँडपेपर लागलेला नाही याची ही दुसरी साक्ष. मग स्क्रू. प्रत्येक स्क्रूची खाच भिंगातून. खाच फाटलेली असेल तर कुणीतरी चुकीच्या पेचकसाने आत डोकावलंय. शेवटी पुढचं लाकूड उतरवून नळीच्या खालच्या बाजूचा नंबर मागच्या नंबराशी जुळतो का ते पाहिलं. जुळला. तेव्हा तो पहिल्यांदा हसला.

इटलीत बनलेल्या शार्प्सच्या नकलाही खूप फिरतात. नेम धरून खेळणाऱ्यांसाठी त्या उत्तम असतात, पण काही लबाड त्यांच्यावरचे इटालियन तपासणीचे छाप घासून त्या जुन्या म्हणून विकतात. याहून मोठी लबाडी दक्षिणेच्या बाबतीत होते. रिचमंडमध्ये दक्षिणेने शार्प्सच्या सुमारे पाच हजार नकला त्याच काळात काढल्या होत्या. त्या आज मूळ शार्प्सहून महाग. म्हणून ‘दक्षिणेची’ म्हणवणारी शार्प्स दिसली की जाणकार हात मागे घेतात.

कुणाला, कुठे, कितीला

घेणारे दोन जातीचे. एक संग्राहक, त्याला शिक्का, राप, नंबर हवा. दुसरा खरोखर बार काढणारा. १९५० साली सुरू झालेली नॉर्थ-साउथ स्कर्मिश असोसिएशन ही त्यांची मोठी संघटना. व्हर्जिनियात विंचेस्टरजवळ फोर्ट शेनॅन्डोआ नावाच्या त्यांच्या मैदानावर कार्बाइनच्या सांघिक नेमबाजीच्या स्पर्धा होतात. अशा माणसाला नळी आतून चांगली हवी. आमच्या खड्डे पडलेल्या नळीवर त्याने नाक मुरडलं असतं, आणि पुसट शिक्क्याचं त्याला काही नाही. तेव्हा आपली वस्तू कुठल्या जातीच्या गिऱ्हाइकाची आहे, हे आधी ठरवावं.

अवस्था सांगायला इथे नॅशनल रायफल असोसिएशनच्या पायऱ्या वापरतात: फाइन, व्हेरी गुड, गुड, फेअर, पुअर वगैरे. गंमत अशी की जुन्या बंदुकीची ‘गुड’ आणि नव्या बंदुकीची ‘गुड’ यांच्या व्याख्या वेगळ्या. मला भेटलेल्या सगळ्या विक्रेत्यांच्या बंदुका ‘फाइन’ होत्या. सगळ्या घेणाऱ्यांच्या मते त्या ‘गुड’ होत्या. मी आमची ‘गुड’ लिहिली आणि कुणीही वाद घातला नाही.

किंमत ठरवायला लोकांनी मागितलेले आकडे बघू नका, झालेले सौदे बघा. मोठी लिलावघरं, उदाहरणार्थ रॉक आयलंड ऑक्शन, झालेल्या विक्रीच्या किमती प्रसिद्ध करतात. आमच्यासारख्या सामान्य शार्प्स मला दीड-दोन हजार डॉलरपासून चार हजारांच्या आसपास गेलेल्या दिसल्या. एका दुकानदाराने ती काउंटरवरून न उचलताच ४०० डॉलर सांगितले आणि वर “तुमच्यावर उपकार” अशी मुद्रा केली. लिलावात पाठवलं तर मेहनत वाचते, पण घेणारा हातोड्याच्या किमतीवर साधारण १५ ते २५ टक्के जास्त भरतो आणि तो ते धरूनच बोली लावतो. शिवाय तुमचं कमिशन वेगळं. फार दुर्मिळ वस्तू असेल तर लिलावच बरा. आमच्यासारखीला थेट संग्राहक.

म्हणून मी चार परिच्छेदांचं वर्णन लिहिलं. नंबर, छाप, नळीतले खड्डे, पुसट शिक्का, बदललेला एक स्क्रू (तो कारागिराने दाखवला नसता तर मला कळला नसता). चाळीस फोटो काढले, ढगाळ दिवशी, अंगणात, फ्लॅशशिवाय. दोषांचे फोटो आधी. शेवटी घरची गोष्ट, ती अशी: “कुटुंबाच्या सांगण्यावरून गेटिसबर्ग, नंबरावरून हे शक्य नाही, सैनिकाच्या नोंदीत १८६५ ला हत्यारासाठी आठ डॉलर कापल्याचं आहे, नंबर नाही.” मेहुण्याला हे वाक्य आवडलं नाही. “आपणच आपल्या पायावर धोंडा का मारतोयस?” म्हणाला. पहिल्याच आठवड्यात आलेल्या चार फोनपैकी तिघांनी नेमक्या त्याच वाक्याबद्दल विचारलं.

चौथा ठग निघाला. सांगितलेल्या किमतीपेक्षा ८०० डॉलर जास्तीचा बँकेचा चेक पाठवतो, ‘वरचे पैसे वाहतूकवाल्याला परत द्या’. चेक खोटा असतो आणि ते कळेपर्यंत तुमचे ८०० गेलेले असतात. ही युक्ती जुनी आहे, तरी लोक रोज फसतात.

लांबच्या घेणाऱ्याला पाठवायचं झालं तर संग्राहकांत एक रीत आहे: वस्तू पोचल्यावर तीन दिवस तपासायची मुभा, पसंत नसेल तर जशीच्या तशी परत. ही मुभा द्यावी. पार्सल कोण घेतं याचे प्रत्येक वाहतूक कंपनीचे स्वतःचे नियम आहेत आणि ते बदलत असतात, तेव्हा त्या आठवड्यात विचारून घ्यावं. दारू किंवा केपं सोबत पाठवायची नाहीत, ती स्फोटकं आहेत.

कराचं थोडक्यात. वारशाने आलेल्या वस्तूची मूळ किंमत म्हणजे मालक वारला त्या दिवशीची बाजारभावाची किंमत, त्याने कधीकाळी मोजलेली नव्हे. त्या दिवशी ती २,२०० ची होती आणि तुम्ही २,६०० ला विकली, तर नफा ४०० चा. जुन्या संग्राह्य वस्तूंवर केंद्राचा कर जास्तीत जास्त २८ टक्के. आठ डॉलरवरून मोजायला लागलो असतो तर वेड लागलं असतं.

“हयसरच धाडून दी”

गावच्या चुलतभावाला फोटो पाठवला तर म्हणाला, “अरे, हयसरच धाडून दी, भिंतीर लावूया.” नाही. भारतात बंदूक परवान्याशिवाय आणता येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये जुन्या-पुराण्या हत्यारांना सूट आहे खरी, पण दुरुस्त करूनही जी चालू शकत नाही अशाच हत्याराला. आमची कार्बाइन तर धुऊन-पुसून उद्या चालेल. विमानतळावर ‘अहो, ही अँटिक आहे’ हे अमेरिकी कायद्याचं वाक्य बोलून सुटका नाही. उलट्या बाजूनेही तसंच: शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू तुमच्या कोकणातल्या घरात असेल, तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. आणि ठासणीची असली तरी चालणाऱ्या बंदुकीला परवाना लागतोच. आजोबांच्या बंदुकीला शेतीसंरक्षणाचा होता, निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची. आजोबा वारले तेव्हा काकांनी ती अशीच एकदा जमा केली ती कायमची.

आमची कार्बाइन शेवटी गेली ओहायोतल्याच संग्राहकांच्या एका मेळाव्यात, २,६०० डॉलरला. नख फिरवणाऱ्या त्याच माणसाकडे. निवृत्त शाळामास्तर. त्याच्याकडे ‘सी’ नंबरच्या आणखी तीन आहेत. पावतीवर दोघांची नावं, नंबर, तारीख, आणि ‘१८९८ पूर्वीची’ असं स्पष्ट लिहिलं. त्याने अभिलेखागारातल्या फाइलची प्रत मागून घेतली. ती वाचताना आठ डॉलरच्या ओळीवर त्याचं बोट थांबलं.

मग त्याची नजर कांबळ्यावर गेली. करडं, जाडं, कडेला काळी पट्टी. “हेही त्याच घरातलं?” त्याने विचारलं, आणि मला कळलं की तो घोडदळाचं कांबळं शोधतोय. त्याने ते उलटंपालटं केलं, कोपरे चाचपले आणि एका शिवणीत धुलाईच्या सूचनांचं चिमुकलं लेबल सापडलं. ‘मशिनमध्ये धुवू नये.’ तो पोट धरून हसला, घडी घालून माझ्या हातात दिलं. सासूबाईंकडे परत गेलं ते. त्यावर आता त्यांचा कुत्रा झोपतो.